बोका नावाचा कुत्रा

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर बोलताना आई शेजारी बसलेली असते आणि तिला सगळं ऐकू जातं, म्हणून हे लिहून पाठवतेय.

तुझा लंबू मित्र उंट सोमवारी आला. तो येणार हे तू सांगितलं होतंस. त्याला इथे ऑफिसचं कसलंसं प्रशिक्षण आहे, आठवडाभर राहील, हेही सांगितलं होतंस. त्याच्याबरोबर कुत्रा येणार, हे मात्र तुझ्या तोंडून निघालं नाही. तुलाही माहीत नसेल, तर त्याला आधी तू झाड. उरलेलं मी बघते.

कुत्रा म्हणजे जवळजवळ वासरू. रंग ओल्या मातीचा, एक कान उभा, एक पडलेला. मी दार उघडलं तसे त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर पाय ठेवले, तोंड चाटलं, मला भिंतीला टेकवलं आणि सरळ आत जाऊन आईच्या पलंगावर चढला. आई पलंगावरच होती. उंट दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, घाबरू नका, तो काही करत नाही.

काही करत नाही, त्यातलं थोडं सांगते. सोफ्याचा हात फोडून आतला कापूस बाहेर काढला. बेल वाजली की भुंकतो, वाजली नाही तरी भुंकतो, कपाटाच्या आरशावर तर त्याचा खास राग आहे. आईची काठी पळवतो आणि ती आपण परत ओढून घ्यावी म्हणून समोर येऊन उभा राहतो. काल आई न्हाणीघराच्या दाराशी भिंत धरून कितीतरी वेळ उभी होती आणि हा काठी तोंडात धरून शेपूट हलवत होता. उंटाचं रागावणं म्हणजे, "बोका, असं नाही करायचं हं." अंगाई म्हणावी तसं.

हो, त्याचं नाव बोका आहे. कुत्र्याचं. मला हसू आलं नाही.

मी दिवसभर मागच्या खोलीत काम करते. दातांचे साचे, मेण, प्लास्टर, सगळं उघड्यावर मांडलेलं असतं. दार लावलं की हा बाहेरून नखांनी खरवडतो. त्या आवाजाने माझा हात हलतो, आणि हात हलला की कुणाची तरी कवळी वाकडी बसते.

उंट पाहुणा आहे, मला त्याला टाकून बोलता येत नाही. मित्र तुझा आहे. तू बोल.

तुझी,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की पुलावरचा मुकादम डोकावून गेला, साहेबांना काय झालं म्हणून. आरशाचं तर मी डोळ्यांसमोर आणू शकतो.

आता मोठ्या भावाचा सल्ला ऐक. तो अंगावर आला की ओरडायचं नाही. ओरडलं की त्याला तो खेळ वाटतो. पाठ फिरवायची, हात छातीशी धरायचे, तो आपोआप खाली उतरतो. काठी ओढायची नाही, जुन्या टॉवेलला गाठ मारून समोर टाकायची, तो काठी सोडतो. कुकरच्या शिट्टीला मात्र तो फार भितो, तेव्हा त्याला कोपऱ्यात बसू द्यायचं, हाकलायचं नाही. आणि रात्री दाराला पाठ लावून झोपू दे, नाहीतर त्याला झोप येत नाही.

उंटाला मी काही बोलत नाही. तो भोळा आहे, उगाच मनाला लावून घेईल. आणि खरं सांगू का, घरात जरा जाग आलेली बरी. एरवी तुम्ही दोघी दिवसभर एकमेकींची तोंडं बघत बसता. आईला जनावरांची आवड आहेच. तिला विचार.

इथे पुलाच्या तिसऱ्या खांबाचं काम अडलंय, त्यामुळे रजा कठीण. मी येईन म्हणून वाट बघू नका.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत बसत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघते, तीही प्लास्टरमधली, आणि त्यावर हे घर चालतं. आई माझी वाट बघते आणि रविवारी तुझ्या फोनची. एवढं तुला लांबून दिसत नसेल तर निदान लिहू नकोस.

परवा काय झालं ते ऐक. दाताच्या डॉक्टरांकडून एका निवृत्त मुख्याध्यापकांचं काम आलं होतं. त्यांचा जाहीर सत्कार आहे, त्यात भाषण करायचंय आणि वरची कवळी बोलताना खाली पडते. माणूस हळवा झालेला. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाकडे देत नाही. मी ती कवळी तीनदा मेणात उतरवली, तेव्हा कुठे मनासारखी झाली. घासून, चकचकीत करून पाण्याच्या वाटीत ठेवली आणि हात धुवायला गेले. दार नीट लागलं नव्हतं.

बोका ती तोंडात घेऊन सोफ्याखाली बसला होता. कवळी त्याच्या स्वतःच्या दातांपुढे आलेली, त्यामुळे तो हसल्यासारखा दिसत होता. उंटाने आधी फोटो काढला. सांगते तुला, दादा, त्याने आधी फोटो काढला. मग "सोड, सोड" म्हणत मागे धावला, बोक्याला वाटलं खेळतायत, आणि त्याने कडकन चावली. मी मुख्याध्यापकांना फोन केला तेव्हा ते काही बोललेच नाहीत. बोलता येत नाही म्हणून की राग आला म्हणून, कळलं नाही. त्यानंतर जेवण-झोप बाजूला ठेवून मी दुसरी केली. माझ्या पाठीत अजून कळा येतायत.

आणि आता मुख्य गोष्ट. उंट गेला. काल सकाळी मी डॉक्टरांकडे गेले होते, तेवढ्यात आईला सांगून निघाला की दोन दिवस बाहेरगावी काम आहे, बोक्याला ठेवून जातो. खाण्याचं पोतं दाराशी ठेवून गेला. पोतं केवढं आहे माहितीये? दोन दिवसांचं कुणी पोतं आणत नाही. तो माझा फोन उचलत नाही.

तुझे सल्ले लागू पडले, ते मी नाकारत नाही. पाठ फिरवली की उतरतो. टॉवेल टाकला की काठी सोडतो. पण तुला हे कसं ठाऊक? कुकरच्या शिट्टीचं मी लिहिलंच नव्हतं.

ठकू


२० फेब्रुवारी

प्रिय ठकू,

उंट आणि मी रोज संध्याकाळी फिरायला जातो, तो दुसरं काही बोलतच नाही, बोका असा आणि बोका तसा. पाठ झालंय मला. यात एवढा संशय घेण्यासारखं काय आहे? तुला लहानपणापासून पोलिसात जायचं होतं.

उंट जरा अडचणीत आहे. काय ते विचारू नकोस, मी सांगणार नाही असं त्याला कबूल केलंय. महिनाभर सांभाळ बोक्याला. कवळीचं ऐकून वाईट वाटलं, पण दार नीट लावणं आपल्या हातात असतं. जनावराला काय कळतं कुणाचा सत्कार आहे.

मी रविवारी आईशी बोललो. तिला म्हटलं, रोज सकाळी त्याला फाटकापर्यंत घेऊन जात जा, तुझेही पाय मोकळे होतील. तिला ते आवडलं. बघ, तू उगाच तिला पलंगावर बसवून ठेवतेस. घरात एक राखण करणारा असला तर मलाही इथे निर्धास्त वाटेल. हळूहळू तुलाही लळा लागेल. मी ओळखतो ना तुला.

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

आईचा उजवा हात मोडला आहे. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलंय. ओठाला टाके आहेत. आधी हे वाच आणि मग पुढचं वाच.

तू सांगितलंस म्हणून ती त्याला फाटकापर्यंत न्यायला लागली. मी नको म्हणाले, त्याच्या ताकदीपुढे तू टिकणार नाहीस म्हणाले. ती म्हणाली, दादाने सांगितलंय. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपतो, हे तुला माहीत आहे, म्हणून तर तू तिला सांगितलंस. शुक्रवारी समोरून सायकल गेली आणि बोका सुटला. पट्टा तिने मनगटाला गुंडाळला होता, सुटू नये म्हणून. पायऱ्यांवरून फरपटत खाली गेली. मी मागच्या खोलीत मोटर चालू करून कवळी घासत होते. मला ऐकू आलं नाही. समोरच्या शिंपीणबाईंनी तिला उठवलं आणि मला बोलवायला आल्या, तेव्हा मला कळलं.

रविवारी तुझा फोन आला. आईला फोन धरता येत नव्हता, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर करून टेबलावर ठेवला. पडले हे त्याला सांगायचं नाही, तो तिकडे काळजी करेल, असं तिने मला आधीच बजावलं होतं. तू "हॅलो, आई" म्हणालास.

बोका दाराशी पडला होता. तो ताडकन उठला, टेबलावर पाय ठेवून चढला आणि फोन चाटायला लागला. तू बोलत होतास, पुलाचं, रजेचं, आणि तो असा आवाज काढत होता की तसा मी कुठल्याच जनावराचा कधी ऐकला नाही. तू रजेचं बोलणं मध्येच सोडलंस. मग म्हणालास, "टीव्ही लावलाय का?"

आई समोर होती. तू फोन ठेवल्यावर शिंपीणबाईंच्या फोनवरून उंटाला लावला. अनोळखी नंबर बघून त्याने उचलला. मी एवढंच विचारलं, "कुत्रा कुणाचा आहे?" तो म्हणाला, "म्हणजे? तुम्हीच ठेवून घेताय ना त्याला?" तू त्याला सांगितलंस की माझं तुझं बोलणं झालंय, आईला तेवढं एकदम सांगायचं नाही, म्हणून पाहुणा म्हणून जा, हळूच सोडून ये आणि नंतर माझा फोन उचलू नकोस. आईचा हात मोडला हे ऐकल्यावर तो माणूस फोनवर रडला. मी त्याला तीन आठवडे मनातल्या मनात शिव्या घातल्या, दादा. त्या सगळ्या तुझ्या होत्या, पत्ता चुकला.

लहानपणी तू कोंबडीचं नाव हत्ती ठेवलं होतंस. बोका हे नाव ऐकल्यावर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझा भाऊ असं करेल, असं डोक्यातच आलं नाही.

बाबा गेल्यावर तू म्हणालास, आई सध्या तुझ्याकडे राहू दे, मी बस्तान बसवतो आणि नेतो. ते "सध्या" अजून चालू आहे. तुझी पुस्तकं माझ्या माळ्यावर आहेत. तुझा संसार मोडला तेव्हाची कपाटं माझ्या जिन्याखाली आहेत, मला अंग चोरून वर जावं लागतं. मी एकदाही काही म्हणाले नाही, त्याचा तू हा अर्थ काढलास की इथे काहीही आणून टाकलं तरी चालतं. आई काही तू ठेवायला दिलेली वस्तू नाही. मी पण गोदाम नाही.

तू स्वतः ये आणि तुझा कुत्रा घेऊन जा. उंटाला पाठवायचं नाही. तू.

ठकू


२ मार्च

ठकू,

आईचं कळल्यापासून जेवण जात नाही. तिला सांग, मी तिची क्षमा मागतो. पण तू लिहिलंयस त्यातलं सगळं मी ऐकून घेणार नाही.

हो, बोका माझा आहे. बायको निघून गेल्यावर घर खायला उठायचं. साइटवर एक पिल्लू यायचं, ते घरी आणलं. त्याला शिस्त लावायला मला वेळ नव्हता, दिवसभर तो एकटाच खोलीत कोंडलेला असायचा, म्हणून तसा झाला. मग घरमालक म्हणाला, कुत्रा तरी काढा नाहीतर खोली तरी सोडा. पुलाच्या जवळपास दुसरी खोली नाही. मी काय करायला हवं होतं? रस्त्यावर सोडायचं होतं? तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तुझ्याकडे अख्खं घर आहे, अंगण आहे, आई आहे. माझ्याकडे इथे एक खोली आणि स्टोव्ह आहे. तू गोदामाचं बोलतेस तेव्हा हेही लक्षात घे की गोदामात सगळं असतं आणि माझ्याकडे काही नाही.

सध्या रजा मिळत नाही. पावसाळ्याआधी खांब उभा राहिला नाही तर वर्ष वाया जाईल. तुला अगदीच नको असेल तर बोक्याला कुणालातरी देऊन टाक. जनावरं पाळणारी माणसं असतात, चौकशी कर. मला फक्त कळव, कुणाला दिलास ते.

दादा


७ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि तुझी बहीण लिहिते आहे. एक शब्द बदलायचा नाही, असं तिला बजावलं आहे. तिने तुझी तिन्ही पत्रं मला वाचून दाखवली. तिच्या मनात नव्हतं. मीच हट्ट धरला.

मी तुझ्यावर रागावले आहे. असं मी तुला कधी म्हटलं नाही, त्यामुळे तुला खरं वाटणार नाही, म्हणून पुन्हा सांगते. मी तुझ्यावर फार रागावले आहे.

हाताचं नाही. हाड जुळेल असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी तुझा आवाज बंद झाल्यावर ते जनावर फोनभोवती फिरत राहिलं. फोन हुंगला, टेबलाखाली पाहिलं, मग दाराशी जाऊन बसलं. जेवायला बोलावलं तरी उठलं नाही. तुझी बहीण त्याच्यावर ओरडत होती आणि मी बघत होते. दर रविवारी मी काय करते, ते मला पहिल्यांदा समोरून दिसलं. मला शरम वाटली. आणि आता तू लिहितोस, त्याला कुणालातरी देऊन टाका.

या मुलीने माझ्यासाठी स्वतःचं काय काय बाजूला ठेवलं, ते मी बघत होते आणि तुझं कौतुक करत होते. तू तिला म्हणतोस, तुझ्याकडे आई आहे. मग तुझ्याकडे कोण आहे रे? माझ्याकडे काही नाही, असं लिहिताना तुला मी दिसले नाही का?

मी हिला उंटाला फोन लावायला सांगितलं. तो इतका शरमलेला आहे की मी काहीही सांगितलं असतं तरी तो हो म्हणाला असता. बुधवारी तो गाडी घेऊन येतोय. मी आणि बोका तुझ्याकडे येतो आहोत. हे पत्र तुला मिळेल तेव्हा आम्ही वाटेत असू, तेव्हा उलट टपाली काही कळवण्याच्या भानगडीत पडू नकोस. कुत्रा ठेवायला घरमालकाची हरकत आहे, असं तू लिहिलं आहेस. आई ठेवायला आहे की नाही, ते लिहिलेलं नाहीस. ते मी आल्यावर त्यांना विचारीन.

प्लास्टर काढेपर्यंत मी राहणार. नंतरचं नंतर ठरवीन. मी ठरवीन.

तुझी आई


३० मार्च

ठकू,

तू तिला पाठवलंस याचा मला इतका राग आला की पहिले आठ दिवस तुझं नाव काढलं नाही. तुला तिला अडवता आलं असतं. मोडका हात, दिवसभराचा प्रवास, आणि मागच्या सीटवर तिच्या मांडीवर तो दांडगा पाय टाकून झोपलेला. उंट तर मला तोंडसुद्धा न दाखवता निघून गेला. अजून बोलत नाही.

घरमालकाने दोघांना एकदमच नाही म्हटलं. मग मी गावाबाहेर, विटांच्या भट्टीपलीकडे, दोन खोल्या घेतल्या. पुलावर जायला तासभर लागतो. आता वरिष्ठांची बोलणी खातो, उशिरा आलास म्हणून. इथे परत आलो की आईची. ती गप्प बसत नाही ठकू. इतकी वर्षं फोनवर एक वावगा शब्द बोलली नाही, ती आता सकाळी चहापासून सुरू होते. चहा पाणचट, पाणी गरम नाही, खिडकी का लावलीस. मी परवा वैतागून म्हणालो, ताईला कधी असं बोललीस का. तुला ताई कधी म्हणत नाही मी, तोंडातून निघालं. ती म्हणाली, तिला बोलायची वेळच आली नाही.

बोका मी कामावरून आलो की अंगावर येतो. मी पाठ फिरवतो, हात छातीशी धरतो. आईच्या अंगावर मात्र तो जात नाही. तिने त्याला काय सांगितलंय देव जाणे. ती बसायला सांगते तेव्हा बसतो.

मला हे माहीत नव्हतं की तिला डावा हातही खांद्याच्या वर नेता येत नाही. तू कधी सांगितलं नाहीस. म्हणजे सांगितलं असशील, मी ऐकलं नसेल. तिचे केस आता मीच विंचरतो. पहिल्या दिवशी गुंता निघेना, ती ओरडली, मी ओरडलो, बोका दोघांवर भुंकला. वेणी घालतो पण अर्ध्या दिवसात सुटते आणि ती म्हणते, तुझ्या पुलासारखीच. तू कशी घालतेस, ते लिही. मी रागात आहे अजून, पण लिही.

दादा


४ एप्रिल

दादा,

आधी तेल लाव, केस कोरडे विंचरायचे नाहीत. टोकाकडून सुरुवात कर आणि वर वर ये, मुळाकडून खाली ओढत आणू नकोस, म्हणून ती ओरडली. मुळाशी हाताने घट्ट धरून ठेव, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. मग तीन भाग कर. उजवीकडचे केस विरळ आहेत, तिथे मधल्या भागातले थोडे घे. विणताना हात ढिला सोडू नकोस. तू मध्येच तिच्याशी भांडत असणार, म्हणून सुटते. शेवटी दोरी दोनदा गुंडाळ.

मी तिला अडवलं नाही. ती जाताना मागे वळून बघेल म्हणून मी दारात उभी होते, पण तिने बघितलं नाही. गाडीत बसली होती, ताठ. मला तिचं तसं बसणं बघून फार बरं वाटलं आणि मग घरात येऊन मी रडले. ते तुला कळणार नाही.

घर शांत आहे. आज दुपारी मी पहिल्यांदाच मागच्या खोलीचं दार सताड उघडं टाकून काम केलं. जिन्याखालची तुझी कपाटं मी शिंपीणबाईंच्या मुलांकडून अंगणात काढून ठेवली आहेत. पाऊस येण्याआधी घेऊन जा. मी त्यावर काही झाकणार नाही.

माझाही राग गेलेला नाही. वेणी मात्र रोज घाल, एक दिवस चुकवलास की दुसऱ्या दिवशी दुप्पट गुंता होतो.

ठकू